दोष दंडपेशीत, मग शंकुपेशी का मरतात? रेटिनायटिस पिग्मेंटोसा (आरपी) या डोळ्यांच्या आजारातलं पडद्याचं रसायन

1924 साली हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या क्लाइड कीलर यांना सूक्ष्मदर्शकाखाली उंदरांच्या डोळ्यांचे काप बघताना एक विचित्र गोष्ट दिसली. काही उंदरांच्या डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, एक अख्खा थरच नव्हता. मंद उजेडात बघण्यासाठी लागणाऱ्या दंडपेशी, डॉक्टर ज्यांना रॉड म्हणतात, त्या गायब होत्या. हा दोष आईबापांकडून पिल्लांत उतरतो हेही त्यांनी दाखवलं. पुढे ते उंदीर प्रयोगशाळांतून हरवले, पण काचेवरचे काप राहिले.

पन्नास वर्षांनी, 1974 मध्ये, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेबोरा फार्बर आणि रिचर्ड लॉली यांनी पडदा झिजणाऱ्या उंदरांवर काम करताना काप बघण्याऐवजी पडद्यातली रसायनं मोजली. सायक्लिक जीएमपी नावाचा एक छोटा रेणू त्या पडद्यात भलताच वाढलेला निघाला. तोही पेशी मरायला लागण्याच्या आधीच. त्या रेणूला तोडणारं विकर (एन्झाइम), पीडीई-6, ज्या जनुकातून तयार होतं त्यातच बिघाड आहे, हे नक्की व्हायला 1990 उजाडलं. आणि 1993 मध्ये कीलर यांच्या सत्तर वर्षं जुन्या काचांवरून डीएनए खरवडून तपासला, तेव्हा त्यांच्या हरवलेल्या उंदरांतही हाच बिघाड होता हे सिद्ध झालं.

मला या सगळ्या गोष्टीतला क्रम महत्त्वाचा वाटतो. जनुक सापडण्याच्या सोळा वर्षं आधी रसायन सापडलं होतं. आनुवंशिक आजार म्हटला की आपण सगळे जनुकाच्या मागे लागतो. पडदा झिजण्याच्या अशा आजारात जनुक तर जन्मापासून बिघडलेलंच असतं, तरी माणसाची नजर विशी-तिशीपर्यंत बऱ्यापैकी टिकते आणि मग जाते. मधल्या वर्षांत पडद्यात काय चाललेलं असतं, ते रसायनातच शोधावं लागतं.

माणसांतल्या या आजारांच्या गटाचं नाव रेटिनायटिस पिग्मेंटोसा. रुग्ण आणि डॉक्टर दोघंही आरपी म्हणतात. जगभरात साधारण चार हजारांत एकाला तो असतो असं मानलं जातं. आपल्याकडे प्रमाण जास्त दिसतं. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या पाहणीत तिशीपुढच्या लोकांमध्ये ते साडेसातशेला एकाच्या आसपास निघालं. नात्यातली लग्नं हे त्याचं एक कारण. आते-मामे भावंडांच्या लग्नात दोघांकडेही आजी-आजोबांकडून आलेली तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. दोघांकडे ती असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक. सगळ्याच घरांत आजार असा येत नाही. कुठे तो एकाच पालकाकडून थेट येतो, कुठे आईकडून मुख्यतः मुलग्यांत.

सुरुवात बहुतेक वेळा रातांधळेपणाने होते. दिवेलागणीनंतर अंगणात वावरताना अडखळणं, सिनेमागृहात खुर्ची न सापडणं. मग बाजूचं दिसेनासं होतं, दाराची चौकट खांद्याला लागते, समोरचं मात्र स्वच्छ दिसतं. शेवटी समोरचंही धूसर होत जातं.

अंधारात काम, उजेडात विश्रांती

बिघाड कळायला आधी धड चालणारी दंडपेशी कशी असते ते बघावं लागेल. ती आपल्या अपेक्षेच्या बरोबर उलटी चालते.

एका डोळ्यात सुमारे 12 कोटी दंडपेशी असतात आणि साठ लाखांच्या आसपास शंकुपेशी. शंकुपेशी म्हणजे कोन. त्या दिवसाच्या उजेडातलं, रंगांचं आणि बारीक अक्षरांचं काम करतात. दंडपेशी अंधारात जागी असते. तिच्या पातळ आवरणात सूक्ष्म मार्ग असतात आणि सायक्लिक जीएमपी हा रेणू ते उघडे धरून ठेवतो. त्यांतून सोडियम आणि कॅल्शियम सतत आत येत राहतं. आत आलेलं सोडियम बाहेर फेकायला पंप अखंड चालवावे लागतात, आणि त्याला प्रचंड ऊर्जा लागते. दुसऱ्या टोकाला ही पेशी पुढच्या चेतापेशीवर ग्लुटामेट नावाचं रसायन सोडत असते. हे सगळं अंधारात.

उजेड पडला की ग्लुटामेट सोडणं कमी होतं. म्हणजे पुढच्या पेशीला उजेडाची बातमी मिळते ती रसायन यायचं थांबल्यामुळे. पहिल्यांदा हे वाचलं की कुणालाही ते उलटं छापलंय असंच वाटतं. पण निसर्गाने व्यवस्था तशीच केली आहे, आणि तिची किंमत म्हणजे पडदा हा शरीरातल्या सर्वांत खादाड ऊतींपैकी एक.

ही थांबण्याची क्रिया कशी होते? दंडपेशीच्या टोकाला नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या सुमारे हजार चकत्या असतात. त्यांत रोडोप्सिन नावाचं प्रथिन ठासून भरलेलं असतं आणि प्रत्येक रोडोप्सिनच्या पोटात जीवनसत्त्व अ पासून तयार झालेला, वाकलेला एक रेणू असतो, 11-सिस रेटिनल. प्रकाशाचा एक कण त्याच्यावर आदळला की तो सरळ होतो. त्याला लागणारा वेळ सुमारे 200 फेम्टोसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा पाच लाख कोटीवा भाग. बघण्याच्या क्रियेत प्रकाशाचं काम एवढंच. पुढचं सगळं अंधारातही घडू शकेल असं साधं रसायन आहे. रोडोप्सिनचा आकार बदलतो, ते ट्रान्सड्युसिन या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं, ट्रान्सड्युसिन पीडीई-6 ला, पीडीई-6 सायक्लिक जीएमपी तोडतं, मार्ग मिटतात, ग्लुटामेट घटतं. या साखळीतल्या जीवनसत्त्व अ च्या भागाचा उलगडा केल्याबद्दल जॉर्ज वॉल्ड यांना 1967 च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

सरळ झालेला रेटिनल आता निकामी असतो. त्याला चकतीतून बाहेर काढायचं काम एबीसीए4 हे प्रथिन करतं. मग तो शेजारच्या रंगद्रव्याच्या थरात जातो, ज्याला डॉक्टर आरपीई म्हणतात. तिथे आरपीई65 नावाचं विकर त्याला पुन्हा वाकवतं आणि तो परत दंडपेशीकडे येतो. शिवाय दंडपेशी रोज आपल्या जुन्या चकत्यांपैकी सुमारे दहावा भाग टोकाकडून झाडून टाकते आणि रंगथर तो गिळून पचवतो. साधारण दहा दिवसांत अख्खी चळत नवी.

इतकी लांब साखळी, आणि तिच्या जवळपास प्रत्येक कडीवर कुणा ना कुणाच्या घरात बिघाड आहे. आरपीला कारणीभूत असलेली 80 पेक्षा जास्त जनुकं आजवर सापडली आहेत. त्यामुळे आरपी हे एका आजाराचं नाव नाही. शेवटी पडदा सारखाच दिसतो, पण तिथवर पोचायच्या वाटा वेगवेगळ्या असतात.

वाटा किती वेगळ्या

पीडीई-6 बिघडलं की सायक्लिक जीएमपी तुटत नाही, साचतं. मार्ग मिटायचे तेव्हाही मिटत नाहीत. सोडियम आणि कॅल्शियम आत येतच राहतं, पंप चालतच राहतात, आणि पेशी काही काळाने स्वतःला संपवण्याची यंत्रणा सुरू करते. जास्तीचं कॅल्शियम तिला मारतं की सायक्लिक जीएमपी थेट दुसऱ्या विकरांना चेतवून मारतं, यावर अजून भांडण आहे. कॅल्शियमचा शिरकाव रोखणारं डिल्टियाझेम हे रक्तदाबाचं औषध उंदरांना देऊन 1999 मध्ये एका गटाला फायदा दिसला, पण नंतर इतरांना तो दिसला नाही. म्हणजे खापर एकट्या कॅल्शियमवर फोडता येत नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण दवाखान्यात ती विचारायला लोक लाजतात. व्हायग्रा या नावाने ओळखली जाणारी सिल्डेनाफिल गोळी पीडीई-5 या पीडीई-6 च्या भावंड विकराला रोखते, पण थोडीशी पीडीई-6 लाही. म्हणून ती घेतल्यावर काहींना थोडा वेळ सगळं निळसर दिसतं. निरोगी पडद्याला ते सोसतं. ज्याच्या पीडीई-6 मध्ये जन्मजात बिघाड आहे त्याच्या पडद्याला ते सोसेल याची खात्री कुणी देत नाही. आरपी असेल तर ही गोळी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसरी वाट रोडोप्सिनची. 1989 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या गटाने एका मोठ्या आयरिश कुटुंबातला दोष तिसऱ्या गुणसूत्रावर असल्याचं शोधलं. 1990 मध्ये बोस्टनच्या गटाला त्याच गुणसूत्रावरच्या रोडोप्सिन जनुकात नेमका बदल सापडला. 348 अमिनो आम्लांच्या माळेत 23 व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन. एवढ्याने प्रथिनाची घडी चुकते. चुकीची घडी असलेलं प्रथिन पेशीच्या आतच अडकून पडतं, ते नष्ट करण्यात पेशी दमते. यात सायक्लिक जीएमपीपेक्षा पेशीतल्या कचऱ्याचाच प्रश्न मोठा.

एबीसीए4 चा बिघाड मुख्यतः स्टारगार्ट या आजारात दिसतो. तो आरपीच्या शेजारचा, पण नजर मधोमध घालवणारा. वापरलेला रेटिनल वेळेत बाहेर निघाला नाही की त्याचे दोन-दोन रेणू जोडले जाऊन एक विषारी संयुग तयार होतं आणि ते रंगथरात साचतं. आरपीई65 बिघडलं तर उलटच होतं. वाकलेला रेटिनल मिळतच नाही. पेशी बरीच वर्षं जिवंत असतात, पण बाळ जन्मापासून जवळजवळ आंधळं असतं. पेशी आहेत, फक्त रसायन नाही, अशी ही अवस्था. उपचारांच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे ते पुढे दिसेलच.

निर्दोष शंकुपेशी

आता मूळ प्रश्नाकडे. रोडोप्सिन फक्त दंडपेशीत असतं. पीडीई-6 च्या बाबतीतही शंकुपेशींचं जनुक वेगळं आहे. म्हणजे या रुग्णांच्या शंकुपेशींत काहीही दोष नाही. तरीही दंडपेशी गेल्या की काही वर्षांनी शंकुपेशीही जातात. आणि रुग्णाचं खरं नुकसान तेव्हा होतं. रात्रीची नजर गेलेला माणूस दिव्यांच्या जगात कसंबसं निभावतो. वाचणं आणि चेहरे ओळखणं जातं ते शंकुपेशी गेल्यावर.

याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण साखरेचं आहे. प्राणवायू असतानाही पडदा ग्लुकोज अर्धवटच जाळून लॅक्टेट बाहेर टाकतो, हे ओटो वॉरबर्ग यांनी 1920 च्या दशकातच मोजलं होतं. हा उधळेपणा कशासाठी, ते मात्र बराच काळ कळत नव्हतं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जेम्स हर्ली यांच्या गटाने 2017 मध्ये मांडलेला हिशोब असा. रक्तातलं ग्लुकोज पडद्याकडे येतं ते रंगथरातून. दंडपेशी ते घेतात आणि लॅक्टेट सोडतात. रंगथर तेच लॅक्टेट जाळून आपलं भागवतो, म्हणून ग्लुकोजला हात न लावता तो ते पुढे जाऊ देतो. दंडपेशी मेल्या की लॅक्टेट येणं बंद. मग रंगथर ग्लुकोजच खायला लागतो. पंगतीतले बहुतेक पाहुणे उठून गेले, आणि वाढपी स्वतःच पान मांडून बसला. उरलेल्या दोन-चार पाहुण्यांपर्यंत काही पोचेना.

याला आधार देणाऱ्या गोष्टी दुसरीकडूनही मिळतात. 2009 मध्ये हार्वर्डच्या क्लॉडिओ पुंझो आणि कॉन्स्टन्स सेप्को यांनी चार वेगवेगळ्या जनुकदोषांचे उंदीर तपासले. सगळ्यांत शंकुपेशी मरताना उपासमारीची रासायनिक लक्षणं होती. इन्शुलिन दिल्यावर त्या काही काळ जास्त टिकल्या. पॅरिसच्या गटाला दंडपेशींतून बाहेर पडणारं एक छोटं प्रथिन सापडलं, जे शंकुपेशींना ग्लुकोज आत घ्यायला मदत करतं. दंडपेशी गेल्या की तेही जातं. म्हणजे अन्न कमी आणि ते घेण्याची ताकदही कमी.

प्राणवायूची गोष्ट याच्या उलटी. दंडपेशी प्राणवायूच्या सर्वांत मोठ्या ग्राहक. पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांचं जाळं मात्र मागणी बघून पुरवठा कमी करत नाही. ग्राहक मेले तरी माल तेवढाच येत राहतो. पडद्याच्या बाहेरच्या भागात प्राणवायू वाढतो. इथल्या पेशींच्या आवरणांत डीएचए नावाचं, माशांच्या तेलात असतं तेच, स्निग्धाम्ल खूप असतं आणि ते प्राणवायूने पटकन खराब होतं. एकीकडे साखरेचा दुष्काळ, दुसरीकडे प्राणवायूचा पूर, अशा कोंडीत शंकुपेशी सापडते. पडद्याच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्या मात्र प्राणवायू जास्त झाला की आकसतात. डॉक्टर डोळ्यात बघून रक्तवाहिन्या बारीक झाल्या आहेत असं लिहितात, ते हेच.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पीटर कॅम्पोकियारो यांनी या प्राणवायूच्या बाजूने उपाय शोधायला घेतला. एन-ॲसिटिलसिस्टीन हे पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर आणि कफ पातळ करायला वापरलं जाणारं जुनं, स्वस्त औषध. 2020 मध्ये 30 रुग्णांवरच्या छोट्या चाचणीचे निकाल आले आणि नजरेत थोडीशी सुधारणा दिसली. त्या चाचणीत तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा गट नव्हता, म्हणून मोठी चाचणी हाती घेतली गेली. तिचा निकाल हातात येईपर्यंत मेडिकलच्या दुकानातून हे औषध आणून मनाने सुरू करण्यात मला शहाणपण दिसत नाही.

मेलेल्या पेशींमागचा गोंधळ

बराच काळ एक समजूत होती. प्रकाश टिपणाऱ्या पेशी गेल्या तरी त्यांच्या मागचे चेतापेशींचे थर शाबूत असतात. तिथे नवा सेन्सर बसवला की काम झालं. इलेक्ट्रॉनिक डोळ्याच्या बातम्या याच समजुतीवर उभ्या होत्या.

सॉल्ट लेक सिटीमधल्या युटा विद्यापीठाच्या मोरान आय सेंटरमध्ये रॉबर्ट मार्क आणि ब्रायन जोन्स यांनी तिला धक्का दिला. त्यांची पद्धत मला फार देखणी वाटते. पडद्याचे एका मायक्रॉनपेक्षाही पातळ काप करायचे. एका कापावर फक्त ग्लुटामेट ओळखणारी प्रतिपिंडं टाकायची, शेजारच्यावर ग्लुटामिन ओळखणारी, पुढच्यांवर गाबा, ग्लायसिन, टॉरिन अशी पेशींतली इतर छोटी रसायनं ओळखणारी. काप इतके पातळ असतात की एकच पेशी अनेक कापांत येते. मग संगणकावर ते एकावर एक ठेवले की प्रत्येक पेशीचं रासायनिक ओळखपत्र मिळतं. नुसत्या आकारावरून जी पेशी नेहमीसारखी वाटेल, ती आतून बदलली आहे हे यात पकडलं जातं.

निरोगी पडद्यात म्युलर पेशी, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या आणि त्यांची झाडलोट करणाऱ्या पेशी, अगदी एकसारख्या असतात. सांडलेलं ग्लुटामेट उचलायचं, त्याचं ग्लुटामिन करायचं आणि चेतापेशींना परत द्यायचं, हे त्यांचं काम. जपानमधल्या संशोधकांच्या साथीने रोडोप्सिनचा दोष असलेल्या सशांवर या गटाने काम केलं, तेव्हा शेजारी-शेजारी असलेल्या म्युलर पेशींत कुणात ग्लुटामेट साचलेलं, कुणात ग्लुटामिन कमी, कुणात टॉरिन वेगळंच, असं चित्र दिसलं. ग्लुटामेटचं रूपांतर करणारं विकर आणि ग्लुटामेटचं प्रमाण यांचा मेळ राहिला नव्हता. 2016 च्या त्यांच्या निबंधात याला चयापचयाचा गोंधळ असंच म्हटलं आहे. टॉरिनचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. मांजराच्या आहारात टॉरिन नसेल तर त्याचा पडदा झिजतो, हे 1975 पासून माहीत आहे. कोणतंही जनुक न बिघडता एका रसायनाच्या अभावाने पडदा जाऊ शकतो, याचा हा पुरावा.

चेतापेशींकडे बघू. दंडपेशींकडून येणारं ग्लुटामेट थांबलं की पुढच्या पेशी आपल्या शाखा आखडून घेतात. ग्लुटामेट ओळखणारे ग्राहक रेणू त्या बदलतात. मेलेल्या पेशींच्या जागी म्युलर पेशींचा व्रणासारखा थर तयार होतो. पुढे तर चेतापेशी आपली जागा सोडून सरकतात, नव्या शाखा फुटतात, त्यांची गुंतागुंत होऊन निरर्थक जोडण्यांचे गठ्ठे तयार होतात. रंगथरातल्या काही पेशी सुटून रक्तवाहिन्यांभोवती जमतात. तपासणीत दिसणारे काळे, हाडाच्या कपच्यांसारखे ठिपके ते हेच. पडदा रिकामा पडत नाही. तो स्वतःला नव्याने आणि चुकीचा जोडत राहतो.

आरपीच्या अनेक रुग्णांना डोळे मिटल्यावरही ठिणग्या, लुकलुकणारे ठिपके, पाण्यावर ऊन हलावं तसं काहीतरी दिसतं. घरच्यांना सांगितलं तर भ्रम वाटतो, म्हणून ते बोलत नाहीत. झिजलेल्या पडद्याच्या उंदरांत चेतापेशी बाहेरून काहीही न येता आपापल्या तालात धडधडत असतात असं मोजलं गेलं आहे. रुग्णांच्या ठिणग्यांचं मूळ तिथे असावं असा तर्क आहे आणि मला तो पटतो.

गाजर, तूप आणि गोळ्या

रातांधळेपणा म्हटला की आपल्याकडे पहिला सल्ला गाजर, शेवग्याचा पाला, जीवनसत्त्व अ. मुलांना नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत जीवनसत्त्व अ चे नऊ डोस देण्याचा सरकारी कार्यक्रम आहे, आणि अभावातून आलेल्या रातांधळेपणावर तो रामबाण आहे. आरपीत मात्र कच्चा माल कमी नसतो, यंत्र बिघडलेलं असतं. 1993 मध्ये बोस्टनच्या एलियट बर्सन यांनी रोज 15,000 युनिट जीवनसत्त्व अ घेतल्याने झीज किंचित मंदावते असा निष्कर्ष काढला होता आणि जगभर तो पाळला गेला. 2023 मध्ये त्याच संस्थेतल्या संशोधकांनी रुग्णांची जनुकं लक्षात घेऊन त्या माहितीची पुन्हा छाननी केली, तेव्हा फायदा दिसला नाही. स्टारगार्टमध्ये तर जास्तीचं जीवनसत्त्व अ घातकच, कारण तिथे त्याचाच कचरा साचत असतो. गरोदर बाईने ते मोठ्या मात्रेत घेतलं तर बाळात व्यंग येऊ शकतं. आहारातल्या भाज्या जरूर खाव्यात. गोळ्या नकोत.

काही मोजक्या आजारांत मात्र पथ्यानेच फरक पडतो, आणि ते चुकणं हा मोठा गुन्हा ठरेल. गायरेट ॲट्रोफी या पडदा झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारात ऑर्निथिन नावाचं अमिनो आम्ल रक्तात दहा ते वीस पट चढतं. ते साध्या रक्ततपासणीत सापडतं. प्रथिनं मोजून खाल्ली, विशेषतः आर्जिनिन कमी केलं, तर झीज मंदावते, आणि थोड्या रुग्णांना बी-6 ने उपयोग होतो. रेफसम या दुसऱ्या आनुवंशिक आजारात फायटॅनिक आम्ल नावाचं स्निग्धाम्ल साचतं. ते येतं दूध-लोणी-तुपाच्या चरबीतून, मटणातून आणि काही माशांतून. रातांधळेपणासोबत वास येणं बंद झालं असेल, चालताना तोल जात असेल तर डॉक्टरांनी हा विचार करायला हवा. दोन्ही आजार विरळाच आहेत. पण आनुवंशिक आजाराला औषध नाही असं सरसकट सांगणारा डॉक्टर इथे चुकतो.

आरपीत पडद्याच्या मधोमध पाणी साचून नजर अचानक मंदावू शकते. त्यावर डॉर्झोलामाइडचे थेंब किंवा ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या अनेकांना लागू पडतात. मोतीबिंदूही लवकर येतो, तो काढता येतो. नजर गेली म्हणजे पडदाच गेला असं धरून बसू नये, तपासून घ्यावं.

वेळेचा प्रश्न

डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेत लक्सटर्ना या जनुकोपचाराला मान्यता मिळाली. आरपीई65 ची चांगली प्रत विषाणूच्या आवरणात घालून पडद्याखाली टोचतात. तेव्हाची किंमत दोन डोळ्यांची साडेआठ लाख डॉलर. तो लागू पडला कारण त्या आजारात पेशी बराच काळ जिवंत असतात आणि फक्त एक विकर कमी असतं. औषधाच्या परवानगीतच अट आहे की पडद्यात जिवंत पेशी पुरेशा असायला हव्यात. बाकीच्या ऐंशी जनुकांसाठी तसं सोपं गणित नाही. दंडपेशीतलं जनुक दुरुस्त करेपर्यंत शंकुपेशी उपाशी आणि म्युलर पेशी गोंधळलेल्या असतील, तर दुरुस्त जनुक कुणाच्या उपयोगाचं? म्हणून जनुक कोणतंही असो, शंकुपेशी जगवायच्या, हा मार्ग मला जास्त लोकांच्या कामाचा वाटतो.

ज्यांच्या सगळ्या प्रकाशपेशी, म्हणजे दंडपेशी आणि शंकुपेशी दोन्ही, गेल्या आहेत त्यांच्यासाठी दुसरा प्रयत्न चालू आहे. 2021 मध्ये पॅरिसच्या जोझे-आलां साहेल यांच्या गटाने 58 वर्षांच्या एका रुग्णाबद्दल लिहिलं. शैवालांत सापडणाऱ्या प्रकाशसंवेदी प्रथिनाचं जनुक त्याच्या पडद्यातल्या सर्वांत आतल्या, मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशींत घातलं होतं. याच पेशी निवडल्या कारण पडद्याच्या बिघाडात त्या सर्वांत शेवटपर्यंत टिकतात. मधल्या विस्कटलेल्या थरांना वळसा घातला. खास चष्मा घालून अनेक महिने सराव केल्यावर त्याला टेबलावरची वही सापडू लागली, रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसू लागले. चेहरा ओळखण्याइतकी ती नजर बारीक नव्हती. प्रतिमेची छाटणी आणि जुळणी करणारे मधले थर वगळले की तेवढंच उरतं.

आरपीचं निदान झालेल्या घरातल्यांनी डॉक्टरांकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात. एक, रक्ताची जनुक तपासणी. ती आता भारतात होते आणि हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय अशा संस्थांत आनुवंशिक नेत्ररोगांवर बरंच काम झालं आहे. दुसरी, ओसीटी स्कॅन, म्हणजे पडद्याच्या थरांचं आडव्या छेदासारखं चित्र. त्यात पडद्याच्या थरांमध्ये एक चकचकीत रेषा दिसते, डॉक्टर तिला इलिप्सॉइड झोन म्हणतात. ती जिथवर शाबूत आहे तिथवर प्रकाशपेशी जिवंत आहेत. वर्षाकाठी ती किती आखूड झाली हे मोजता येतं. जनुकाचं नाव आणि या रेषेची लांबी फाइलमध्ये असेल, तर पुढे एखादी चाचणी जाहीर झाल्यावर आपण तिच्यात बसतो का, हे डॉक्टरांना लगेच सांगता येतं.